आबांना अडवायची तालीम

माझे गुडघे बेचाळिसाव्या वर्षीच कामातून गेले. डॉक्टर असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "झीज झालेली आहे, उकिडवं बसणं बंद करा." इंदापूरच्या छोट्याशा दवाखान्यात त्यांनी एक्स-रे खिडकीकडं धरला आणि पेनाच्या टोकानं कुठं काय घासलंय ते दाखवलं. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, साहेब, उकिडवं बसणं बंद केलं तर माझ्याकडं राहतं काय? अकरा वर्षं मी उकिडवी बसूनच चार पैसे घरात आणले होते.

आमच्या लासुर्ण्याकडं ऊस जितका, तितकाच भाजीपाला. भाजीपाल्याला रोपं लागतात, आणि रोपं तयार करणाऱ्या एका नर्सरीत मी कामाला होते. प्लॅस्टिकचे ट्रे असतात, लहान लहान घरांचे. त्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरायचा, प्रत्येक घरात बोटानं खळगा करायचा, एक बी टाकायचं, वरून झाकायचं. टोमॅटो, मिरची, कलिंगड. बघणाऱ्याला वाटतं काम हलकं आहे. बघणारा उभा असतो. आम्ही बायका सकाळी आठपासून पाचपर्यंत जमिनीला चिकटलेल्या. उठताना आधी दोन्ही हात टेकायचे, मग एक पाय, मग "आई गं" म्हणून दुसरा.

नर्सरीचा मालक तसा वाईट नव्हता. मी पंधरा दिवस घरी बसले तरी त्यानं माझी जागा धरून ठेवली. पण टोमॅटोच्या लागणी तोंडावर आल्या तसा त्याचा फोन आला. "वहिनी, सोमवारी येत असाल तर या. न्हायतर मला दुसरी बाई बघाय लागंल. राग मानू नका." राग मानायचा तरी कुणावर? गुडघ्यावर?

त्याच आठवड्यात माझ्या मुलीला मोबाईलवर जाहिरात दिसली. बारामतीतल्या एका मोठ्या दवाखान्यासाठी महिला सुरक्षा रक्षक पाहिजेत. दहावी पास, वय पंचेचाळीसपर्यंत, आवाज खणखणीत. मुलाखत शनिवारी, रक्षक पुरवणाऱ्या एजन्सीच्या ऑफिसात. मुलगी बारावीला होती. तिनं ती जाहिरात मला तीनदा वाचून दाखवली आणि म्हणाली, "आई, ह्यात खाली बसायचं कुठंच न्हाय बघ." एवढ्या एका गोष्टीवर मी अर्ज केला. सोमवारच्या आत ही नोकरी लागली तर लागली, नाहीतर परत ते ट्रे आणि परत ते कोकोपीट. मला परत जायचं नव्हतं. जाऊन किती दिवस निभेल तेही माहीत नव्हतं.

तयारी म्हणजे आधी कागद. दहावीचं सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत होतं आणि त्याला डांबरगोळीचा वास येत होता. आधारवरचं नाव सासरचं, सर्टिफिकेटावरचं माहेरचं. दोन्ही बाया मीच आहे हे सांगणारा तिसरा कागद काढायचा. त्यासाठी दोन वेळा इंदापूरला खेप झाली, झेरॉक्स झाल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स झाल्या. फोटोवाल्यानं मला स्टुलावर बसवलं आणि विचारलं कशाला पाहिजे फोटो. मी सांगितलं. तर म्हणाला, "मग ताई, चेहरा जरा कडक करा की." मी म्हटलं, हा कडकच आहे, ह्याच्या पलीकडचा घरात बघायला मिळतो.

सल्ले देणारे मात्र फुकट मिळाले. कुणी म्हणालं सॅल्यूट शिकून जा, कुणी म्हणालं हिंदीत विचारतात. आमचे हे टेम्पो चालवतात, भाजी घेऊन पुण्याच्या मार्केटला जातात आणि दोन दिवसांतून एकदा तोंड दाखवतात. त्यांनी फोनवर सांगितलं, "घाबरू नको, जशी माझ्याशी बोलतीस तशी बोल." फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ विचार केला की ही तारीफ होती का टोमणा.

मुलीनं तालीम घेतली. अंगणाला आमच्या फाटक नाही, काटेरी तारेच्या कुंपणात नुसती वाट आहे. तिथं प्लॅस्टिकची खुर्ची मांडली आणि मला गार्ड केलं. ती एकदा नर्स होऊन यायची, एकदा पेशंटचा भाऊ, एकदा दारू प्यालेला. मी सगळ्यांना अडवलं. दारू प्यालेल्याला तर असं झापलं की रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला उतरून बघायला लागला. आवाजाची मला कधीच उणीव नव्हती. नर्सरीत मला भोंगा म्हणायचे. त्या टोकाची बाई ट्रे वाकडा धरते हे मी ह्या टोकावरून सांगायचे. त्यामुळं मुलाखत म्हणजे आपल्याला कठीण नाही असं मी मनाशी धरून चालले होते. अडचण होती ती नुसती पायांची.

ह्या सगळ्यात एक माणूस काहीच बोलला नव्हता. माझे सासरे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. पंच्याहत्तरी ओलांडलेली, पण अजून रोज पहाटे घेवड्याला पाणी द्यायला तेच जायचे. दिवसभर ओट्यावर. आमच्या घरची रीत अशी की सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. सासूबाई होत्या तेव्हा बोलणं त्यांच्यामार्फत व्हायचं, त्या गेल्यावर मुलीमार्फत. "आबांना म्हणावं चहा झालाय." "आईला म्हणावं साखर कमी टाक." दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना असायचो आणि मधून मुलगी निरोप ने-आण करायची. आबा समोरून आले की मी डोक्यावर पदर घेऊन बाजूला व्हायचे. एकवीस वर्षं. हे मी करते असं मला जाणवायचंसुद्धा बंद झालं होतं.

पण एक गोष्ट मी विसरले नव्हते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गावात अंगणवाडीला मदतनीस घेणार होते. दहावी पास सून आमच्याच घरात होती. मी अर्ज लिहिलासुद्धा. आबांनी सासूबाईंना ओट्यावरून, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "आपल्या घरातली बाई दुसऱ्याच्या दारात बसणार न्हाय." झालं. तो अर्ज मी चुलीत घातला. पुढं नर्सरीत जायला त्यांनी हरकत घेतली नाही, कारण तोवर घरची गरज रीतीपेक्षा मोठी झाली होती आणि तिथं दारात बसायचं नव्हतं, आत बसायचं होतं. आता मी चक्क दारातच बसण्याची नोकरी करायला निघाले होते. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

शनिवारी साडी चालणार नव्हती, तसं जाहिरातीतच होतं. शेजारणीचा पंजाबी ड्रेस आणला. तो कमरेत घट्ट आणि लांबीला आखूड. मुलीनं ओढणीच्या घड्या घालून दोन्ही खांद्यांना पिना लावून टाकल्या, शाळेच्या पोरींना लावतात तशा. "हलणार न्हाय आता," म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा मी साडीशिवाय उंबऱ्याबाहेर पडत होते आणि ओट्यावर आबा बसलेले. मी मान खाली घालून भराभर निघाले. त्यांनी एकदा बघितलं आणि तंबाखू मळायला घेतली.

एसटीत उभ्यानंच बारामती गाठली. ऑफिस एमआयडीसीच्या बाजूला होतं, एका दुमजली इमारतीत, पुढं लोखंडी गेट. आम्ही सहा बायका होतो. सगळ्यांचे कागद प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, सगळ्यांच्या चेहऱ्यावर सकाळी चारला उठून घरचं आवरून आल्याचा रंग. जागा दोनच होत्या.

मुलाखत घेणारे साहेब फौजेतून निवृत्त झालेले होते. मिशी, ताठ पाठ आणि समोर चहाचा कप, ज्याला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. मला विचारलं, "आग लागली तर आधी काय कराल?"

"माणसं भायेर काढीन. मग बोंब मारीन."

"आधी बोंब," ते म्हणाले. "तुम्ही एकट्या किती काढणार?" पण ते हसले. मग मला खिडकीशी नेलं आणि रस्त्यापलीकडच्या मोटारसायकलवाल्याला थांबवायला सांगितलं. मी हाक मारली. मोटारसायकलवाला थांबला, शिवाय टपरीवर चहा पिणारे दोघं कप तोंडाशी धरून थांबले. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बाकीच्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, झालं आपलं काम.

मग गेटवर परीक्षा. एकेकीला उभं करायचं, हातात वही द्यायची. साहेब म्हणाले, "हे दवाखान्याचं गेट समजा. पास असल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही. मी आलो तरी नाही." माझी पाळी आली तेव्हा आधी एक पोरगा आला, कानाला मोबाईल, इकडंतिकडं न बघता घुसायला लागला. मी त्याला परत फिरवलं. मग ऑफिसातली एक बाई आली, म्हणाली पर्स आत राहिली. तिलाही परत फिरवलं. ऊन चढलं होतं, पण मला बरं वाटत होतं. उभी होते. गुडघा दुखत होता, पण तो उभ्यानं दुखणारा गुडघा होता.

तेवढ्यात एक म्हातारा आला. धोतर, पांढरी टोपी, काखेत कापडाची पिशवी. दम लागलेला. मला म्हणाला, "पोरी, सांगवीवनं आलोय. लेक हाय आत. बघून लगीच येतो."

माझा हात डोक्याकडं गेला. मी तो नेला नाही, तो गेला. पदर नव्हता. ओढणी पिनांनी खांद्याला जखडलेली. हात नुसताच केसांवरून फिरला आणि खाली आला, आणि तोवर माझे पाय दोन पावलं मागं सरकून वाट मोकळी करून उभे राहिले होते. मान खाली. एवढंच नाही, तोंडातून आपसूक निघालं, "या आबा, जपून. तितं पायरी हाय."

म्हातारा आत गेला. व्हरांड्यात जाऊन त्यानं टोपी काढली, पिशवी ठेवली आणि साहेबांना सॅल्यूट केला. तो एजन्सीचाच जुना गार्ड होता. बाकीच्या बायका तोंडाला ओढण्या लावून हसत होत्या. साहेब माझ्याजवळ आले.

"त्यांच्या पायात काय आहे बघा."

धोतराखाली काळे, पॉलिश केलेले बूट होते. मी मान खाली घालून सरळ त्या पायांकडंच बघत होते, तरी मला ते दिसले नव्हते.

"तुमचा आवाज पहिल्या नंबरचा आहे," साहेब म्हणाले. "पण आवाज घेऊन मी काय करू? उद्या कुणी धोतर-टोपी घालून आला तर तुम्ही वॉर्डापर्यंत पोचवून याल." त्यांनी एका जागेवर दुसऱ्या बाईचं नाव लिहिलं. दुसरी जागा मोकळी ठेवली. जाताना मला म्हणाले, "सोमवारी दहा वाजता अजून चार बायका येणार आहेत. म्हाताऱ्या माणसाला अडवता येत असेल तर या. नसेल तर उगाच तिकीट घालवू नका."

सोमवारीच. नर्सरीची गाडी सोमवारी सातला यायची. दोन्हींपैकी एकीकडंच जाता येणार होतं आणि दुसरीकडची जागा जाणार होती.

परतीच्या एसटीत बसायला जागा मिळाली तर मी झोपून गेले. अपमानानं झोप उडते म्हणतात, माझी उलट लागली. फाट्यावर कंडक्टरनं उठवलं.

घरी मुलीनं सगळं काढून घेतलं माझ्याकडून. बुटांपर्यंत आले तशी ती हसायला लागली, मग माझं तोंड बघून थांबली. मी म्हटलं, सोमवारी नर्सरीत जाते. गोळ्या घेईन, पट्टा बांधीन. एवढं बोलून मी भाकरी थापायला बसले, म्हणजे उभी राहिले. गॅसचा ओटा त्या वर्षीच केला होता. भिंतीपलीकडं आबा होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत, पोट जड आहे म्हणून निरोप आला.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी चारच्या सुमाराला मुलगी आत आली आणि विचित्र चेहऱ्यानं म्हणाली, "आई, आबा म्हणतेत, तुझ्या आईला म्हणावं भायेर ये आणि मला अडव."

मला वाटलं ती चेष्टा करते. बाहेर बघितलं तर आबा कुंपणाच्या वाटेबाहेर रस्त्यावर उभे. धुतलेलं धोतर, लग्नकार्याला काढायची टोपी, काठी आणि हातात घेवड्याची पिशवी. खुर्चीही त्यांनीच मांडली होती.

मी पदर घेऊन बाहेर गेले. खुर्चीजवळ उभी राहिले. ते चालत आले. मी बाजूला झाले. ते आत आले, वळले, परत रस्त्यावर गेले. "तिला म्हणावं, परत," ते मुलीला म्हणाले.

दुसऱ्या वेळी मी म्हटलं, "आबा, थांबता का जरा." माझाच आवाज मला ओळखू आला नाही. ते न थांबता पुढं गेले आणि जाताना काठीनं खुर्ची आडवी पाडली.

तिसऱ्या वेळी माझ्या तोंडातून काहीच निघालं नाही. तेव्हा ते थांबले, पण माझ्या अडवण्यानं नव्हे. रागानं थांबले. आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा मुलीला मध्ये न घालता सरळ माझ्याशी बोलले.

"नवऱ्यावर वरडतीस, पोरीवर वरडतीस, आन हितं मांजर? मला काय दिसत न्हाय व्हय? उंबरा वलांडताना भितीला हात लावतीस तू. रोज बघतोय मी. जाशील त्या नर्सरीत आन येशील खाटंवर. अडव म्हणतोय तर अडवत न्हाईस."

मला काय झालं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. त्यांचं बोलणं काळजीचं होतं हे मला कळत होतं. पण मला राग आला. असा राग की कान गरम झाले. रोज बघत होतात? आणि अंगणवाडीच्या वेळी कुठं बघत होतात? त्या खुर्चीवर मी वीस वर्षं बसले असते. माझे गुडघे आज माझे असते. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं. ते परत रस्त्यावर गेले, परत वळले, आणि चालत आले.

मी वाटेत आडवी उभी राहिले आणि हात पसरला.

"थांबा तितंच!"

ते थांबले.

"कुठं चाललाय? कुणाला इचारून? पास हाय का?"

"न्हाय," आबा म्हणाले.

"मग आत यायचं न्हाय. वय झालं म्हणून काय झालं? हितं माझं चालतं. माझ्या दारातनं मला इचारल्याशिवाय जायाचं न्हाय. बसा तिकडं भायेर. मी सांगंस्तवर उठायचं न्हाय!"

एवढं म्हणायची गरज नव्हती. पास एवढंच विचारायचं होतं. शेजारच्या वस्तीवरची माणसं दारात आली. मुलगी अभ्यासाची वही छातीशी धरून उभी होती आणि हसत नव्हती. पदर माझ्या खांद्यावर आला होता आणि तो मी परत डोक्यावर घेतला नाही.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग काठी टेकत मागं गेले आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. पिशवी मांडीवर घेतली. ऊन त्यांच्या तोंडावर होतं. मी खुर्ची उचलून सरळ केली आणि तीत बसले. आता "या" म्हणायचं होतं. तालीम संपली होती. पण मला म्हणता येईना. रडू आवरत होते म्हणून नाही. मला म्हणायचंच नव्हतं. मी त्यांना तसंच बसवून ठेवलं. तेही उठले नाहीत, टोपी काढून वारासुद्धा घेतला नाही. शेवटी मुलीनंच चहाचा कप नेऊन दिला आणि त्यांना हाताला धरून आत आणलं. माझ्या खुर्चीजवळून जाताना त्यांनी घेवड्याची पिशवी माझ्यापाशी ठेवली. रात्री तीच भाजी केली.

सोमवारी सकाळी नर्सरीची गाडी आली तेव्हा मी त्याच फाट्यावर बारामतीच्या एसटीची वाट बघत होते. गाडीतल्या बायका म्हणाल्या, "अगं चल की, चढ." मी म्हटलं, "न्हाय, जावा तुमी." गाडी गेली. माझी जागा त्या गाडीतनं गेली.

साहेबांनी मला शेवटी उभं केलं. म्हातारा गार्ड पुन्हा आला. ह्या वेळी अनवाणी. बूट काढून ठेवले होते लबाडानं. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं होतं. "पोरी, लेक लई शिरेस हाय गं." माझा हात उचलला गेला, हे खोटं कशाला सांगू. पण तो डोक्यापर्यंत न जाता आडवा झाला. "आबा, थांबा. पास हाय का? न्हाय ना? मग हितं बसा, नाव सांगा, मी आत इचारते." आणि गार्डसाठी ठेवलेली खुर्ची त्यांना दिली.

"ड्यूटीवर खुर्ची गार्डची असते," साहेब मागून म्हणाले. "पाहुण्याला द्यायची नाही." पण लिहिताना त्यांनी माझंच नाव लिहिलं. मग कामाची वेळ सांगितली. बारा तास, त्यातले निम्मे उभ्यानं. मी हो म्हटलं. निदान उकिडवं नाही.

नोकरीला आता दोन वर्षं झाली. दवाखान्याच्या गेटवर रोज पन्नास म्हातारे येतात, रोज पन्नासांना थांबवते. काही शिव्या देतात, काही पाया पडतात. दोन्हींची सवय झाली. गुडघे पुढं बिघडले नाहीत, सुधारलेही नाहीत. संध्याकाळी घरी आले की वर्दी काढायच्या आधी पाय पाटावर ठेवून थोडा वेळ नुसती बसते. तेव्हा बोलायलासुद्धा नको वाटतं.

आबा पूर्वी घरात यायचे ते बाहेरूनच एकदा खाकरून. खाकरले की आम्ही पदर सावरायचा, आणि ते सरळ आत. त्या रविवारपासून ते खाकरत नाहीत. उंबऱ्याशी येतात आणि उभे राहतात. मी "या आबा" म्हणाले की मगच पाऊल आत टाकतात. पहिल्यांदा मला वाटलं रुसलेत. मग मी एकदा सरळच म्हटलं, "आबा, तुमचंच घर हाय, इचारता कशाला?" तर म्हणाले, "असू दे." एवढंच. चेष्टा नव्हती आणि रागही नव्हता. त्या दिवशी मी त्यांना नोकरीसाठी अडवलं नव्हतं, हे त्यांना दगडावर बसल्या बसल्याच कळलं असावं.

मी रोज म्हणते, "या आबा." आणि खरं सांगायचं तर काही दिवशी, फार थकलेली असले की, ते उंबऱ्याशी उभे आहेत हे दिसत असूनही म्हणायला जरा वेळ लावते.